फोटोतली ब्राह्मी

“बाई, जरा सरकता का? तुमचा हार बदलायचाय.”

दस्तगीर चाचा स्टुलावर चढायच्या बेतात उभा होता. हातात झेंडूचा ताजा हार, दातांत सुतळीचा तुकडा. ब्राह्मी दचकून बाजूला झाली. भिंतीवर तिचाच फोटो होता. हिरवी पैठणी, नाकात नथ, ओठांवर मापात बसवलेलं हसू. चाचानं कालचा सुकलेला हार उतरवला, ताजा चढवला आणि जरा लांब होऊन बघितलं. मग खिशातून अष्टगंधाची डबी काढून काचेवर, बरोबर तिच्या कपाळावर, एक टिकली उमटवली.

“झ्याक!” तो म्हणाला, आणि मागं वळल्यावर त्याला कळलं की आपण जिवंत बाईसमोर बोललोय. “म्हंजे... कामाचं म्हणालो मी. अल्ला तुमाला लंबी उमर देवो.”

ब्राह्मी हसली. गेले कित्येक महिने ती या मालिकेत काम करत होती, आणि तिचं काम म्हणजे हा फोटो. नायकाची वारलेली पहिली बायको. दुसरी बायको तिच्यापुढं उदबत्ती लावी, सासू तिच्याशी गाऱ्हाणी बोले, नायक दारू पिऊन आला की तिच्यापुढं रडे. फोटो हसत राही. जगात कुणी अभिनयाला सुरुवात मेल्यापासून केली असेल तर ती माधवनगरच्या ब्राह्मी पायगोंडा पाटील हिनं.

तसा तिचा चेहरा साऱ्या जिल्ह्याच्या ओळखीचा. साडीच्या दुकानांचे मोठमोठे फलक, सराफांची कॅलेंडरं, लग्नाच्या मोसमातल्या पेपरच्या पुरवण्या, सगळीकडं हीच. पेठ नाक्यावर तर तिचा फलक तिच्या घरापेक्षा मोठा होता. फोटोवाला म्हणायचा, “मॅडम, लेन्समध्ये बघा. लेन्सच्या आत. तिथं तुमचं गिऱ्हाईक बसलंय.” ती बघायची आणि साडी खपायची. आज सकाळी एसटी पेठ नाक्यावर थांबली तेव्हा तिनं सवयीनं मान वर केली. फलकावर दुसरी मुलगी होती. कॉलेजातली असावी. खालच्या कोपऱ्यात जुना कागद नीट निघाला नव्हता, तिथं ब्राह्मीचा एक हात आणि बांगड्या तेवढ्या उरल्या होत्या. शेजारी आई होती. आईनंही बघितलं. पिशवीतून बाटली काढून “पाणी पी,” एवढंच म्हणाली.

आणि आज, साताऱ्याजवळच्या या गावात, भाड्यानं घेतलेल्या या दुमजली घरात, फोटो पहिल्यांदा बोलणार होता. ‘ही बाई कोण, हिचं काय झालं होतं?’ असं बघणाऱ्यांनी विचारून विचारून वाहिनीला भंडावलं, तेव्हा लेखकानं मागच्या काळातला एक प्रसंग लिहिला. पहिल्या बायकोचा शेवट. जमला, तर तिची आधीची सगळी गोष्ट दाखवायची, दोन-तीन महिन्यांचं काम. नाही जमला, तर फोटो आहेच.

नाही जमला तर! सकाळपासून हाच एक विचार तिला आतून कुरतडत होता.

बोलायचं म्हटलं की ती घाबरायची, आणि त्याला कारण होतं. एका सराफाच्या जाहिरातीत तिला एक वाक्य दिलेलं होतं. ती बोलली. पेढीवरचा मालक पोट धरून हसत सुटला. “आगागा! चेहरा लक्ष्मीचा आन आवाज पायगोंडाचा!” बापाला तो ओळखत होता. सगळी पेढी हसली, ब्राह्मीही हसली. जाहिरात लागली तेव्हा तिच्या ओठांतून पुण्याच्या कुठल्या तरी मुलीचा मंजुळ आवाज येत होता. तिथून पुढं तिनं तोंड म्हणून उघडलं नाही.

आवाज भरड होता हे खरं. माधवनगरात पायगोंडा यंत्रमागावर होता, घराच्या भिंतीला लागूनच माग. त्या खडखडाटात ज्याला जेवण मागायचं त्यानं ओरडूनच मागायचं. बापाचा आवाज घोगरा आणि लेकीचा त्याच्यावर गेलेला. बाप होता तोवर तिला त्याचं काही वाटलं नाही.

“मॅडम, तयार?” दिग्दर्शक मल्हार आत आला. पोरसवदा, दाढीवाला, सदा घाईत, पण वाईट नव्हता. “चाचा, फोटो उतरवा. या सीनमध्ये त्या जिवंत आहेत.”

“आत्ताच तर हार घातला हो!”

“मग हारासकट उतरवा. संध्याकाळच्या सीनला परत लागणारच आहे.”

चाचानं कुरकुरत फोटो उतरवला आणि बाहेर पडवीत नेऊन भिंतीला टेकवला. नेमका शालनच्या शेजारी.

शालन म्हणजे ब्राह्मीची आई. पडवीत चटईवर बसून मनातल्या मनात जैनांचा णमोकार मंत्र म्हणत होती. हारासकट फोटो शेजारी आल्यावर ती विंचू बघावा तशी सरकली. मग हात लांब करून दोन बोटांनी फ्रेम धरली आणि फोटोचं तोंड भिंतीकडं फिरवून ठेवलं.

ब्राह्मीनं ते दारातून बघितलं. तिला राग यायला हवा होता, पण तिला आईची दया आली. या फोटोनं आईला सुखानं जगू दिलं नव्हतं. पहिल्यांदा तो टीव्हीवर दिसला त्या संध्याकाळी विट्याहून आत्याचा फोन. आत्या हंबरडा फोडून रडत होती, “वयनी, आमाला कळवायचं तरी! माझी भाची गेली आन मला टीवीवर कळालं!” तिची समजूत घालता घालता शालनच्या नाकी नऊ आले. मग जयसिंगपूरचं स्थळ आलं. मुलगा चांगला, मेडिकलचं दुकान. बघून गेले, पसंत पडली, आणि आठवड्यानं निरोप, “पोरगी लाखात एक हाय वो. पर हाराचा फोटो बघितल्यापासनं आमच्या आईच्या मनानं धसका घेतलाय.”

त्या दिवशी शालन पहिल्यांदा लेकीवर ओरडली. “जित्या माणसाच्या फोटूला हार घालत न्हाईत, ब्राह्मे! घरात एक हाय तेवढा बास हाय मला!”

घरातला एक म्हणजे पायगोंडाचा. त्याला चंदनाचा हार होता.

आज यायलाही ती तयार नव्हती. “तू मरणार हायस आन मी बघत बसू व्हय?” असं म्हणाली, आणि पहाटे बघावं तर पिशवी भरून दारात उभी. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा. अट एकच घातली, मरायच्या वेळी मी आत येणार नाही.

खोलीत पलंग मांडला होता. ब्राह्मीला आजारी दिसायचं होतं. डोळ्यांखाली काळं फासलेलं, ओठांवर पावडर. ती आडवी झाली. समोर भिंतीवर रिकामा खिळा होता. त्याच्यावर पुढं कॅलेंडर अडकवणार होते, ते अजून सापडत नव्हतं. खिळा आपलीच वाट बघतोय असं तिला वाटलं. आईची भीती खुळेपणाची आहे असं ती सगळ्यांना सांगत आली होती. आता त्या पलंगावर पडल्यापडल्या तिला ती खुळेपणाची वाटेना.

“वाक्य पाठ आहे ना?” मल्हारनं विचारलं.

“आहे. ‘धनी, माझ्या मागं माझ्या लेकराला पोरकं करू नका.’”

“बस्. नायकाकडं बघून. नायक नाहीये आत्ता, त्याचं नंतर घेऊ. त्याच्या जागी ही काठी. काठीच्या टोकाकडं बघायचं, बोलायचं, डोळे मिटायचे. अॅक्शन!”

ब्राह्मीनं तोंड उघडलं, आणि डोळे गेले ते थेट लेन्समध्ये. तिनं नेले नव्हते, आपोआप गेले. गिऱ्हाईक तिथं बसलेलं असतं ना!

“कट. मॅडम, काठी.”

पुन्हा तेच. मग पुन्हा. एकदा काठीकडं बघितलं तर वाक्य विसरली. एकदा वाक्य आलं तर हनुवटी वर झाली, मान तिरकी झाली आणि ओठांवर ते मापातलं हसू आलं. मल्हारनं कपाळाला हात लावला. “मॅडम, तुम्ही मरताय. साडी विकत नाही.”

कुणीतरी खुसकन हसलं. ब्राह्मीला पेढी आठवली. जितकी भीती वाढे तितके डोळे हट्टानं लेन्सकडं जात. जगात तेवढी एकच जागा तिच्या ओळखीची होती. तिथं कुणी तिला बोलायला सांगितलं नव्हतं.

दिव्यांनी खोली भट्टीगत तापली होती. बाहेरचं दार उघडं ठेवलं होतं, पण वाऱ्याची झुळूक म्हणून नव्हती. मल्हार पलंगाच्या कडेला येऊन बसला आणि हळू आवाजात बोलू लागला, आणि त्याचं ते हळू बोलणंच तिला जास्त भिववून गेलं.

“हे बघा, टेन्शन नका घेऊ. एक शेवटचं करू. नाही जमलं तर नुसते ओठ हलवा. आवाज आपण नंतर दुसऱ्या कुणाचा तरी टाकू. छान दिसताय तुम्ही. चेहरा बोलतोच तुमचा.”

झालं. पुन्हा पुण्याची मुलगी. ब्राह्मीला ओरडून सांगावंसं वाटलं की नको, माझा आवाज काढून घेऊ नका. फलकावर आता हातच उरलाय माझा, इथं निदान तोंड तरी राहू दे. पण बाहेर आलं ते एवढंच, “बरं सर.”

“तिच्या आवाजाला काय झालंय वो?”

दारात शालन उभी होती. पदर घट्ट लपेटलेला, चेहरा पांढराफटक.

“काही नाही काकू. आवाजाचं काही नाही. भीती दिसतेय त्यांची.”

“मरताना माणूस भीतच असंल की.”

मल्हार पलंगावरून उठला. “तुम्ही बाहेर बसता का? तुम्हाला त्रास होईल.”

“भाईर बसून जास्त भ्या वाटालंय,” शालन म्हणाली. “हितंच बसते. कडंला. बोलणार न्हाई.”

ती दाराजवळच्या स्टुलावर टेकली. ब्राह्मीनं तिच्याकडं बघितलं. आईचे ओठ हलत होते, णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं. असेच ते हलत होते त्या दुपारी, पायगोंडाच्या उशाशी.

त्या दुपारचं ती आणि आई एकमेकींत कधी बोलल्या नव्हत्या. बोलण्यासारखं मोठं काही घडलंही नव्हतं. मागाच्या कापसानं छाती खाल्लेला पायगोंडा दोन महिने अंथरुणावर होता. चैत्रातलं ऊन, पान हलत नव्हतं. शेजारचे माग चालू होते. एकाएकी त्यानं मान वळवली आणि घोगऱ्या आवाजात, अगदी रोजच्यासारखं सांगितलं, “दार लावून घे गं, वारं यायला लागलंय.” मायलेकींनी एकमेकींकडं बघितलं. वारं कुठलं? पडदासुद्धा हलत नव्हता. बघून मान फिरवेपर्यंत तो गेला होता. मग आईनं हाक मारली, शेजारीपाजारी धावले, माणसं येत राहिली, जात राहिली. दार लावायचं राहूनच गेलं.

“रोल साउंड,” मल्हार म्हणाला. “मॅडम, शेवटचं. अॅक्शन.”

ब्राह्मीला लेन्स दिसली. काळी, गोल, वाट बघत असलेली. डोळे तिकडं निघालेच होते. तिनं बळं करून ते फिरवले, तर काठी सापडेना. काठी धरणाऱ्या पोरानं थकून ती जरा खाली केली होती. डोळे भिरभिरले, टेकायला कुठं जागाच मिळेना. ती खरोखर घाबरली. आपण अशाच, तोंड उघडं टाकून, सगळ्यांसमोर संपणार. मग डोळे आईवर गेले, आणि आईच्या मागच्या उघड्या दारावर.

वाक्य पार पुसलं गेलं होतं. धनी नाही, लेकरू नाही, काही नाही. आणि तोंडातून आलं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. भरड, घोगरं, मागाच्या घरातलं.

“दार लावून घे गं,” ती म्हणाली. “वारं यायला लागलंय.”

आणि तिनं डोळे मिटले.

मिटल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते. हे माझं नव्हतं. हे आईचं होतं, आईनं आजवर कुणाला सांगितलंही नव्हतं, आणि मी ते दिव्यांखाली, काठीसमोर, पैसे घेऊन बोलून बसले. आता आई रडेल, नाहीतर उठून निघून जाईल आणि परत माझ्याशी बोलणार नाही. डोळे उघडून बघावं असं तिला फार वाटलं. पण मल्हारनं कट म्हटलं नव्हतं. मेलेल्या माणसाला डोळे उघडता येत नाहीत.

कॅमेरा चालू असल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता.

मग स्टूल सरकलं.

पावलं ब्राह्मीच्या ओळखीची होती. उजवा पाय जरा घासत टाकायची सवय, गुडघा धरल्यापासूनची. दोन-तीनच पावलं पडली. ती पलंगाकडं येत नव्हती. मग दार ओढल्याचं कुरकुरणं. दार फुगलेलं असावं, एकदा अडलं, पुन्हा जोर लावून ओढलं. आणि कडी. सावकाश, नीट, शेवटपर्यंत सरकवलेली कडी.

ब्राह्मीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि कानांकडं ओघळलं. मेलेल्या माणसानं रडायचं नसतं, शॉट वाया जाईल, हे तिला कळत होतं. तिला ते थांबवता आलं नाही.

मल्हार म्हणाला, “कट.” तेसुद्धा कुजबुजल्यासारखं. आणि मग, घसा खाकरून, ध्वनिमुद्रण करणाऱ्याला, “हाच आवाज ठेवायचा. दुसरा कुणाचा नाही. दाराचासुद्धा ठेव.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकजण दिवे मालवू लागला. ब्राह्मी उठून बसली. आई दाराशीच होती, पाठमोरी, हात कडीवर.

“आई,” ती म्हणाली. “माझ्या तोंडून गेलं गं. मी मुद्दाम...”

“ठावं हाय मला.” शालन वळली नाही. “ऱ्हायलं होतं बघ ते.”

मग पदरानं तोंड पुसलं.

तेवढ्यात बाहेरून दार वाजलं. “खोला की वो! कुणी कडी लावली?” दस्तगीर चाचाचा आवाज. शालननं कडी काढली. दारात चाचा उभा, काखेत ब्राह्मीचा फोटो. झेंडूचा हार फ्रेमवरून घसरून त्याच्या मनगटावर आलेला. शालनला बघताच त्यानं फोटो पाठीमागं लपवायचा प्रयत्न केला, पण फोटो मोठा होता, तो कुठला लपतोय!

“काय न्हाई भाभी,” तो ओशाळून म्हणाला. “संध्याकाळच्या सीनला लावायचाय. नंतर लावतो मी, गडबड न्हाई.”

शालननं फोटोकडं बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नीट बघितलं असेल. काचेवरची अष्टगंधाची टिकली पुसटली होती. तिनं हात पुढं केला, पण हाराला लावला नाही. तो तसाच मागं घेतला.

“लावा की,” ती म्हणाली. “तुमचं काम हाय त्ये. पर जरा थांबा. तिला आधी भाईर जाऊ द्या. ती हितं असताना नगं.”

“व्हय, व्हय,” चाचा म्हणाला आणि दार सोडून बाजूला उभा राहिला.

“ब्राह्मे, चल. दीस कलायच्या आत जेवून घिऊ.”

ब्राह्मीनं पायांत चपला अडकवल्या. डोळ्यांखालचं काळं तसंच होतं, ओठांवरची पावडर तशीच. आईनं तिचं मनगट धरलं, लहानपणी बाजारात धरायची तसं घट्ट, आणि तिला त्या खोलीतून बाहेर काढलं. दोघी पडवीतल्या चटईवर बसल्या. शालननं डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडून लेकीच्या हातात दिला.

आत चाचानं खिळ्यावर हातोडीचे दोन ठोके मारले. दुसऱ्या ठोक्याला शालनचा हात थबकला. मग तिनं चटणी वाढली.

“जेव,” ती म्हणाली. “आन बोल कायतरी. गप बसू नगंस.”